आई विसरायला लागलीय, हा डिमेन्शिया आहे का? आणि होम निवडायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आई ७४ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, वडील गेल्यापासून सांगलीत एकट्या. तुम्ही पुण्यात, नोकरी आणि मुलाची दहावी, भाऊ अमेरिकेत. वर्षभरात दोन-तीनदा गॅस चालू राहिला, महावितरणचं बिल दोनदा भरलं गेलं, आणि आता कामवाल्या मावशींवर बांगडी चोरल्याचा आळ. नातेवाईक म्हणतात वय झालंय, भाऊ म्हणतो पैसे मी पाठवतो तू चांगलं होम, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ठेवून सांभाळणारी संस्था, बघ. तुम्ही विचारताय की हा डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि रोजची कामं करायची क्षमता घालवणारा मेंदूचा आजार) आहे का आणि पुण्यात कुठलं होम चांगलं.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, पुण्यात मेमरी क्लिनिक बघते आणि काही होम्समध्ये नियमित राउंडला जाते. माझं स्पष्ट मत असं की तुमच्या दोन प्रश्नांच्या मधला एक प्रश्न राहून गेलाय: आईला आज नेमकं कशात अडतंय? गॅस, पैसे, गोळ्या, रात्र, संडास-बाथरूम, रस्ता, यातलं काय जमतं आणि काय नाही? होम त्यावरून ठरतं, आजाराच्या नावावरून नाही आणि रिसेप्शनच्या ग्रॅनाइटवरून तर नाहीच. म्हणून मी इथे होमची नावं देणार नाही. माझ्या एका पेशंटला जिथे छान मानवलं तिथूनच दुसऱ्याला महिन्याभरात घरी न्यावं लागलं, आणि चूक होमची नव्हती.

आधी डिमेन्शियाचं. न बघता मी निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं "वय झालंय" या सदरात बसत नाही एवढं नक्की. वयानं काय होतं, तर नाव चटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण नंतर आठवतं किंवा कुणी सुचवलं की "अरे हो" होतं. डिमेन्शियात ती घटनाच पुसली जाते, काल मामा येऊन जेवून गेले हे सांगितलं तरी "कुठे आले होते?" असं खरोखर विचारतात. आणि नुसत्या विसरण्यापेक्षा मी जास्त लक्ष देते ते क्रमानं करायच्या कामांकडे. चाळीस वर्षं डोळे मिटून आमटी करणारी बाई मोहरी तडतडायच्या आधीच डाळ ओतते, मग हिंग शोधते, मग मीठ दोनदा पडतं, आणि "हल्ली मला स्वयंपाकाचा कंटाळा येतो" म्हणून साध्या वरणभातावर येते. तो कंटाळा बऱ्याचदा कंटाळा नसतो.

तुम्ही लिहिलंय की फोनवर आई अगदी व्यवस्थित बोलते. बोलणारच. जेवलीस का, बरी आहेस का, पाऊस आहे का, या प्रश्नांची उत्तरं आयुष्यभराच्या सवयीनं येतात, त्याला ताजी स्मरणशक्ती लागतच नाही, आणि शिक्षिका असल्यावर तर बोलण्यातला आब शेवटपर्यंत टिकतो. काल भाजी कुठली केलीस, परवा कोण आलं होतं, असं विचारून बघा, पण उलटतपासणी नको, गप्पांच्या ओघात. त्याहून बरं म्हणजे चार-पाच दिवस सांगलीला जाऊन राहा आणि घर वाचा. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या तीन जुड्या एकावर एक, पासबुकात एकाच दिवशी दोनदा काढलेले पैसे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्यांच्या पट्ट्या. मेडिकलच्या बिलावरची तारीख बघायची, त्या दिवसापासून किती गोळ्या संपायला हव्या होत्या ते काढायचं आणि पट्टीत किती उरल्यात ते मोजायचं. बी.पी.च्या गोळ्या भरपूर उरल्यात आणि झोपेची पट्टी वेळेआधी संपलीय, एवढ्या एका गोष्टीवरून मला जे कळतं ते तासभर बोलून कळत नाही.

बांगडीबद्दल. त्यांनी ती बहुतेक स्वतःच नीट जपून ठेवलीय, तांदळाच्या डब्यात किंवा जुन्या पर्समध्ये, आणि ठेवल्याची आठवण उरलेली नाही. वस्तू जागेवर नाही, आपण हलवलेली आठवत नाही, म्हणजे कुणीतरी नेली, त्यांच्या बाजूनं हा तर्क बरोबरच आहे. वाद घालू नका, "चल शोधू या" म्हणा आणि सोबत शोधा. आणि मावशींना काढू नका! रोज आईला बघणारी ती एकटीच बाई आहे, तिला बाजूला घेऊन विचारा, काय बदललंय ते तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत असेल.

आता एक गोष्ट ज्यात अजिबात थांबायचं नाही. हे सगळं महिनोन् महिने हळूहळू वाढत गेलंय की दोन-चार दिवसांत एकदम? परवापर्यंत ठीक असलेलं माणूस अचानक भ्रमल्यासारखं बोलायला लागलं, दिवसा गुंगीत आणि रात्री जागं, तर ते डेलिरियम, आणि ती इमर्जन्सी आहे. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम कमी होणं, साधं बद्धकोष्ठसुद्धा, नवीन सुरू केलेली गोळी, ऑपरेशननंतरचे दिवस, कारणं अशी असतात आणि बहुतेकदा उपचारानं माणूस परत जागेवर येतं, यायला कधी कधी काही आठवडे लागतात. डिमेन्शिया असलेल्या माणसालाही वरून डेलिरियम होतंच. त्या अवस्थेत "आता घरी जमणारच नाही" म्हणून होमचे पैसे भरून टाकणारी मुलं मी बघते, थांबले असते तर महिन्याभरात आई पूर्वीइतकी झाली असती. हॉस्पिटलच्या बेडशेजारी बसून हा निर्णय घेऊ नका.

हळूहळूच झालं असेल तर डॉक्टर आधी बाकीची कारणं शोधतील, आणि शोधायलाच हवीत कारण काही बरी होणारी असतात. थायरॉइड, बी ट्वेल्व्ह (शाकाहारी माणूस आणि वर बरीच वर्षं शुगरची मेटफॉर्मिन चालू, म्हणजे तपासाच), सोडियम, साखर, किडनी, हिमोग्लोबिन, आणि मेंदूचा एमआरआय किंवा निदान सीटी. पडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारा, म्हाताऱ्या माणसाला साध्या पडण्यानंतर डोक्यात हळूहळू रक्त साठत जातं आणि लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. कान तपासा. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, शेजारणीनं दिलेल्यासुद्धा, कारण झोपेची अल्प्राझोलाम, पाय चुरचुरतात म्हणून दिलेली अमिट्रिप्टिलीन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, सर्दीखोकल्याची गुंगी आणणारी औषधं, ही सगळी या वयात स्मरणशक्तीवर येतात, आणि यातल्या दोन-तीन एकत्र चालू असतात याची कुणालाच कल्पना नसते.

वडील गेल्यानंतरच हे सुरू झालं असेल तर डिप्रेशनचाही विचार करावा लागेल. ढोबळमानानं, डिप्रेशनमधला माणूस "मला काहीच आठवत नाही हो" अशी तक्रार स्वतः करतो, आणि डिमेन्शियातला म्हणतो "मला काही झालेलं नाही, हीच उगाच मागे लागलीय". ढोबळच हं, कारण दोन्ही एकत्र असणं अगदी कॉमन आहे.

मग ३० गुणांची एक छोटी तोंडी परीक्षा घेतात, तारीख, वार, वजाबाकी, तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा. त्या गुणांना फार घाबरू नका आणि फार भुलूही नका. चौथी शिकलेल्या आजींचे २२ गुण नॉर्मल असू शकतात आणि निवृत्त शिक्षिका घरात गोंधळ असूनही २७ मिळवून येतात. म्हणून तुम्ही एका पानावर लिहून न्या, काय बदललं, कधीपासून, दोन-तीन ठळक प्रसंग, आणि आत जायच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या. आईसमोर "ही ना डॉक्टर, सगळं विसरते" असा पाढा वाचू नका, पुढच्या वेळी त्या येणारच नाहीत.

प्रकार कुठला हेही विचारा, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. अल्झायमरमध्ये ताजं विसरणं आधी येतं आणि उतार सावकाश असतो. बी.पी., शुगर, लहान-मोठे स्ट्रोक यांच्यामुळे होणारा व्हॅस्क्युलर बरेचदा टप्प्याटप्प्यानं उतरतो. लेवी बॉडी प्रकारात घरात लहान मुलं किंवा अनोळखी माणसं दिसतात, चाल मंदावते, एक दिवस बरा एक दिवस वाईट, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखी, भ्रम आणि आरडाओरडा शांत करायला देतात ती औषधं धोकादायक ठरतात, हे होमवाल्यांना लेखी देऊन ठेवायचं असतं. फ्रंटोटेम्पोरल बहुतेक साठीच्या आतबाहेर सुरू होतो आणि त्यात स्मरणशक्तीच्या आधी स्वभाव बदलतो. डोनेपेझिल, मेमँटिन या गोळ्या आजार थांबवत नाहीत, काहींना काही काळ थोडा फायदा होतो. डोनेपेझिलनं नाडी मंद होऊ शकते, म्हणून आधी ईसीजी. ब्राह्मी द्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून द्या, पण त्यावर विसंबून तपासण्या पुढे ढकलू नका.

इथपर्यंतचं थोडक्यात: एकदम झालं असेल तर आजच हॉस्पिटल, हळूहळू झालं असेल तर सांगलीला राहून नोंद, मग रक्त-स्कॅन-गोळ्यांची पिशवी, आणि हे होईपर्यंत होमचा शोध बाजूला.

आता समजा डिमेन्शियाच निघाला. तरी तुमच्या वर्णनावरून आई अजून स्वतः अंघोळ करतात, देवपूजा करतात, शेजारी जाऊन परत घरी येतात. ही सुरुवातीची अवस्था वाटते, आणि या अवस्थेत होम हे पहिलं उत्तर नाही. डबा लावा, गॅसला टायमरनं बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा किंवा मावशी जाताना रेग्युलेटर बंद करून जाऊ देत. नवीन इंडक्शन घेऊन देऊ नका, नवीन यंत्र शिकणं हेच आता अवघड आहे. गोळ्या आठवड्याच्या डबीत आणि द्यायचं काम मावशींकडे. याऐवजी तुमच्याकडे आणायचा विचार असेल तर उशिरापेक्षा लवकर आणा, कारण आत्ता त्यांना नवीन घरातलं बाथरूम कुठे हे शिकता येईल, दोन वर्षांनी येणार नाही. पुण्या-मुंबईत डिमेन्शियासाठी डे केअर सेंटर्स आहेत, तुमच्या नोकरीच्या वेळात ते सगळ्यात उपयोगी पडेल, फक्त जाण्यायेण्याचं अंतर बघा, ट्रॅफिकमध्ये तास घालवून आलेली आई दिवसभर चिडलेलीच असणार.

एक करू नका. आपल्याकडे आई-वडिलांच्या पाळ्या लावतात ना, तीन महिने थोरल्याकडे तीन महिने धाकट्याकडे. भावंडांच्या हिशोबाला ते बरोबर दिसतं, पण डिमेन्शियाच्या माणसाला दर वेळी संडास शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. त्यापेक्षा साधं होमही बरं, असं म्हणायला मी कचरत नाही.

मग होमचा विचार कधी? रात्रीची झोप गेली आणि त्यांच्याबरोबर तुमचीही गेली, दार उघडून निघून जायला लागल्या, हात उगारतात, उठवायला-बसवायला दोन माणसं लागतात, सांभाळायला ब्युरोतून येणाऱ्या बायका महिन्यात तीन बदलल्या, किंवा तुमचीच तब्येत ढासळली. यातलं शेवटचं कारण लोक मोजतच नाहीत, माझ्या हिशोबात ते पहिल्या तिनात येतं. तेव्हा होम निवडणं म्हणजे आईला टाकणं नाही, आणि लग्नाकार्यात कोण काय म्हणतं ते ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, त्यातलं कुणी रात्री तीनला येऊन दार धरून बसणार नसतं.

होमच्या जाती मात्र नीट समजून घ्या. आपल्या ओळखीचा वृद्धाश्रम हा बहुतेकदा चालत्या-फिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसांसाठी असतो आणि फॉर्ममध्येच तशी अट असते. सीनियर लिव्हिंगचे फ्लॅट म्हणजे तर स्वतंत्र राहणाऱ्यांची सोय, तिथे कुणी रोज अंघोळ घालायला येत नाही, वेगळे पैसे देऊन बाई ठेवावी लागते. असिस्टेड लिव्हिंगमध्ये रोजच्या कामांत मदत मिळते. डिमेन्शिया केअर होम वेगळं, तिथे दारं, स्टाफ, दिनक्रम सगळं याच आजाराच्या हिशोबानं असायला हवं. आणि काही ठिकाणं मुख्यतः अंथरुणाला खिळलेल्यांची असतात, तिथे हिंडणारं-फिरणारं माणूस दिलं तर त्याला गुंगीची औषधं देऊन अंथरुणालाच खिळवतात. लोक निदान लपवून वृद्धाश्रमात ठेवतात, मग महिन्याभरात "घेऊन जा" असा फोन येतो. लपवू नका, उलट सगळं वाईटातलं वाईट आधी सांगा आणि त्यावर ते काय म्हणतात ते ऐका.

बघायला जाताना सकाळी अकराची अपॉइंटमेंट घेऊन जाऊ नका, तेव्हा सगळीकडे भजन चालू असतं. संध्याकाळी सहा-सातला जा. दिवेलागणीला डिमेन्शियातली माणसं अस्वस्थ होतात, "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल" सुरू होतं. त्या वेळी स्टाफ काय करतो तेवढं उभं राहून बघा. एखादी मुलगी हात धरून म्हणते "चला आजी, चहा घेऊन निघू", आणि दुसरीकडे लांबूनच "ओ आजी बसा खाली" ओरडतात, यात सगळं आलं. कुणाला ओढणीनं खुर्चीला बांधलंय का बघा. भर दिवसा सगळे पेंगत असतील तर औषधं कोण ठरवतं ते विचारा, कारण क्वेटियापिन-रिस्पेरिडोनसारख्या शांत करणाऱ्या औषधांनी डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये मृत्यूचा आणि स्ट्रोकचा धोका वाढतो. कधी कधी ती लागतात, मी स्वतः देते, पण कमी डोसमध्ये, ठरावीक काळ, घरच्यांना सांगून.

रात्री किती माणसांमागे किती स्टाफ जागा असतो, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर चटकन आणि आकड्यात आलं पाहिजे. "सगळे इथेच झोपतात" हे उत्तर नाही. मग विचारा, इथे शेवटचं कोण पडलं होतं आणि तुम्ही काय केलंत? "आमच्याकडे कुणी पडतच नाही" म्हणाले की मी तिथून उठते. कुठल्या हॉस्पिटलला नेतात, सोबत कोण बसतं, डॉक्टर किती दिवसांनी येतात, अंथरुणाला खिळल्यावरही शेवटपर्यंत ठेवतात का.

भाषेचा मुद्दा कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी जाते. बऱ्याच होम्समध्ये स्टाफ बाहेरच्या राज्यातला असतो, मुलं चांगली असतात, पण सांगलीच्या आजी "धुवायला जायचंय" म्हणतात आणि त्यांना कळत नाही, मग अंथरूण ओलं होतं आणि डायपर कायमचा लागतो. दिवसा आणि रात्री दोन्ही पाळ्यांत एक तरी मराठी बोलणारी बाई हवी. आईंबद्दल एक पान लिहून द्या, सकाळी चहा आधी की अंघोळ आधी, लोक काय हाक मारायचे, "बाई" म्हटलं की ओळख पटते का, कुठला अभंग म्हणतात. आणि "पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका" हा नियम मला पटत नाही. कमी वेळ या, जेवणाच्या आधी या म्हणजे जेवण आलं की निघणं सोपं जातं. जमलं तर आधी आठ-पंधरा दिवसांचा ट्रायल मुक्काम मागा.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या माहितीतली पुण्यातली ठीकठाक डिमेन्शिया होम्स महिना तीस-चाळीस हजारांपासून सुरू होतात आणि खोली, नर्सिंग यावर दुप्पटही होतात. डायपर, औषधं, फिजिओ, हॉस्पिटल वेगळं. डिपॉझिट परत मिळण्याची अट, सोडायची नोटीस, हॉस्पिटलात असतानाचं भाडं, हे लेखी घ्या. राहण्याचा खर्च नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या संस्थेला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, ते सर्टिफिकेट दाखवा म्हणा. माहितीसाठी ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही डिमेन्शियासाठीच १९९२ पासून काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठीही त्यांचं काम असतं.

शेवटचं, आणि हे भावाला वाचायला द्या, कारण त्यानं पैसे पाठवण्यापलीकडे करण्यासारखं इथेच आहे. बहुतेक लोक आईची पॉवर ऑफ अॅटर्नी (मुखत्यारपत्र) करून निश्चिंत होतात. आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ती पॉवर ऑफ अॅटर्नी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ती चालत नाही, आणि मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. म्हणून आई आज समजून सही करू शकत असतील तर बँक खातं तुमच्याबरोबर जॉइंट, दोघींपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असं, सगळीकडे नॉमिनेशन, आणि मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं क्षमतेचं सर्टिफिकेट. निदान झालं म्हणजे सही करायची क्षमता त्याच दिवशी गेली असं नसतं, ते डॉक्टर तपासून सांगतात. सांगलीचं घर मात्र लगेच विकायला काढू नका. पुण्यात, तुमच्याकडे किंवा होममध्ये, आईंना मानवतंय की नाही हे कळायला किमान सहा महिने जातात, तोवर कुलूप लावून किल्ली मावशींकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा झाडून घ्यायचे पैसे तिला देत राहा.